मावशीच्या खाणावळीतला ताप

मी मालवणी माणूस आणि सोलकढी पीत नाही. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, मला सवय आहे. लहानपणी एकदा कच्च्या नारळाच्या दुधाने पोट असं काही फिरलं, की नुसता वास आला तरी मळमळतं. रुक्मिणीमावशीच्या खाणावळीत सगळ्यांच्या ताटाला वाटी असायची, माझ्या नसायची. नवीन कोणी आला की विचारायचाच, "लवूक वाटी कित्याक नाय?" मग जुने खिदळायचे.

खाणावळ म्हणजे अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्या. एकीत मावशी राहायची आणि रांधायची, दुसरीत आम्ही आठ-दहा जण जेवायला बसायचो. सगळे कोकणातले, एमआयडीसीत कामाला. मी लेथ मशीनवर होतो. मावशी विधवा, पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी आणि तोंडाने फटकळ. उशिरा आलात तर आधी शिव्या आणि मग गरम भात, दोन्ही पोटभर मिळायचं.

तिच्याकडे एक गोष्ट ठरलेली होती. गावाहून नवा आलेला माणूस दोन-तीन महिन्यांत तापाने पडायचा. आज थोडी कणकण, उद्या त्याहून जास्त, डोकं ठणकतंय, जिभेवर पांढरा थर, जेवण नको. आम्ही म्हणायचो, मुंबईचं पाणी बाधलं. डॉक्टर म्हणायचा टायफॉइड, आणि टायफॉइड पाण्यातूनच येतो, म्हणजे आमचंच खरं. मावशी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची, पेज भरवायची. महिन्याभराने तो उठला की झाला मुंबईकर, असं आम्ही धरून चालायचो. मी चार वर्षांत एकदाही पडलो नव्हतो. "लवूक पाणी मानवला," असं मावशी कौतुकाने सांगायची.

शहाऐंशी साली नंदकुमार आला. मावशीच्या धाकट्या बहिणीचा, शेवंतीचा, थोरला मुलगा. वय वर्षं वीस, गाणारा, दोन माणसांचं जेवणारा. मावशीने स्वतःहून पत्र पाठवलं होतं, की पोराला इकडे पाठव, माझ्याकडे जेवेल, मी आहे. दीड महिन्यात तोही पडला, आणि आम्हाला त्यात काही वाटलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट फळीसारखं कडक झालं आणि तो कळवळायला लागला. पालिकेच्या रुग्णालयात नेला तेव्हा कळलं, की रोगाच्या जंतूंनी आतडं आतून कुरतडून त्याला भोक पाडलं होतं. तातडीने ऑपरेशन झालं. जगतो की जातो, कोणी सांगेना. शेवंती एसटीने आली ती थेट वॉर्डाच्या दारात येऊन बसली.

त्यानंतर चार दिवसांनी आरोग्य खात्याच्या डॉक्टर शुभा आमच्या चाळीत आल्या. तरुण बाई, खांद्याला झोळी, पण प्रश्न विचारायला लागल्या की पोलीस बरा. त्यांनी नळाचं पाणी तपासायला नेलं. पाणी चांगलं निघालं. नाहीतरी सगळी चाळ त्याच नळाचं पाणी पीत होती आणि ताप मात्र खाणावळीतच. मग त्यांनी आम्हाला ओळीने बसवून कोण कधी आला, कधी पडला ते लिहून घेतलं. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तुम्हाला कधीच नाही?"

"नाही."

"इथे काय खात नाही तुम्ही?"

मी बोलायच्या आत चारजण हसत ओरडले, "सोलकढी!" बाई काही हसल्या नाहीत. त्यांनी मावशीला विचारलं, सोलकढी कशी करता. मावशी खूश. खोबरं वाटायचं, हाताने घट्ट पिळायचं, एकदा, दोनदा, तीनदा. दूध सकाळी काढून ठेवायचं, जेवायच्या वेळी कोकमाचं आगळ, लसूण, मिरची.

"उकळत नाही?"

"उकळल्यार फुटता मां ता," मावशी म्हणाली. एवढंही ठाऊक नाही या शिकलेल्या बाईला, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

बाकी सगळं चुलीवर रटरटून होत होतं. एवढी एकच गोष्ट हाताने पिळलेली, न उकळलेली आणि सकाळपासून दुपारपर्यंत उकाड्यात ठेवलेली. बाईंनी मावशीला विचारलं, तुम्हाला कधी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला होता का. आला होता, बारा वर्षांची असताना, गावात. एकवीस दिवस. मग बाईंनी मावशीची शौचाची तपासणी करायला सांगितली, आणि आठवड्याने निकाल आला. ताप मावशीच देत होती.

"माका कदी साधी सर्दी नाय जाली," मावशी म्हणाली, "मी लोकांका ताप देतलंय?"

बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, आणि मी तिथे होतो म्हणून मलाही कळलं. त्या जुन्या तापातले जंतू सगळे मेले नव्हते. काही पित्ताच्या पिशवीत, तिथल्या खड्यांच्या आडोशाला राहिले. मावशीच्या शरीराला त्यांची सवय झाली, त्यांचा तिला काही त्रास नाही. पण रोज थोडे शौचावाटे बाहेर पडायचे. नुसत्या पाण्याने हात धुतले की नखांत राहायचे, आणि नखांतून नारळाच्या दुधात. जुन्या मंडळींना एकदा होऊन गेलेला, म्हणून ती सहसा सुटायची. नवा माणूस सापडायचा. सगळं ऐकून मावशी आपल्या हातांकडे बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या त्या एका वाटीवरून हे सगळं निघालं होतं.

शेवंतीला वॉर्डात कोणीतरी सांगितलं. मावशी पेज घेऊन गेली तेव्हा ती उठून उभी राहिली. "माझ्या पोराक जेवक बोलावलंस काय मारूक? आता तुझ्या हातचा पाणीसुदा नको." नंदकुमार वाचला, महिन्याभराने काठी टेकत गावी गेला. शेवंती जाताना चाळीत आली नाही.

खाणावळ बंद झाली. ती डॉक्टरीणबाईंची सूचनाच होती आणि ती बरोबर होती. पण चाळीतल्या बायका नळावर मावशी आली की आपले हंडे उचलायला लागल्या, त्याने माझं टाळकं फिरलं. मी गॅलरीत उभा राहून सगळ्यांना सुनावलं, की ती शेजारी उभी राहिली म्हणून ताप उडून अंगावर येत नाही, अकला गहाण टाकल्यात काय. हंडे उचलणं थांबलं. बोलणं मात्र माझ्याशीच बंद केलं त्यांनी, महिनाभर. मी दुसरीकडून डबा आणून मावशीला द्यायचो. दोन घास खाऊन ती म्हणायची, "मीठ महाग जाला काय रे त्यांका?"

औषधांनी जंतू हटेनात तेव्हा पित्ताची पिशवीच काढायची ठरली. मावशी घाबरली नाही. ऑपरेशननंतर तिने ते खडे बघायला मागितले. वाटाण्याएवढे बारा खडे. "एवढ्याशांनी माझा घर बुडयला," म्हणाली आणि रडली. पुढचे सहा महिने, दर महिन्याला तिचा नमुना बाटलीत घालून बसने प्रयोगशाळेत पोचवायचं काम माझ्याकडे. शेजारी बसणाऱ्याला मी कधी सांगितलं नाही पिशवीत काय आहे ते. सहाही वेळा निकाल स्वच्छ आला. डॉक्टर शुभा म्हणाल्या, नखं कापा, साबण लावा, कच्चं काही देऊ नका, आणि खुशाल रांधा.

मावशीने चूल पेटवली नाही. मी समजावलं, चिडलो, रिपोर्ट तिच्यापुढे ठेवले. "कागद माका कित्याक दाखवतंस?" ती म्हणाली. "जिच्या पोराचो जीव जायत होतो, तिणा सांगल्याशिवाय मी पळी हातात धरूची नाय."

मग मी शेवंतीला पत्र लिहिलं. गोड लिहिणं मला जमत नाही. लिहिलं, की तुमच्या बहिणीने मुद्दाम काही केलं नाही, तिला ठाऊकच नव्हतं. जे होतं ते डॉक्टरांनी कापून काढलंय. आता ती स्वतःच्या हाताला विष समजून बसली आहे, आणि हे फक्त तुम्हीच मोडू शकता. महिना गेला, उत्तर नाही. मी मनातल्या मनात शेवंतीला बरंच काही बोललो.

एका रविवारी सकाळी ती दारात उभी. बरोबर तिची एकोणीस वर्षांची मुलगी आणि पत्र्याची ट्रंक. शेवंती आत येऊन भिंतीला टेकून बसली, म्हणाली, "भूक लागली. ह्या पोरीक पण."

मावशी जागची हलेना. "लवू हाडता डबो," म्हणाली.

"डबो खावक नाय इलंय मी. ह्या मंजुळा. हेका सीप्झातल्या कारखान्यात नोकरी लागली. हयच रवतली. तुझ्याकडेच जेवतली."

मावशी मुलीकडे बघत राहिली. "शेवंते, हेका अजून ताप येवन गेलो नाय."

"माका म्हायत आसा," शेवंती म्हणाली. "नंदूनच पत्र वाचून दाखवल्यान. चूल पेटव."

मावशीने हात धुतले. साबणाने एकदा, परत एकदा, तिसऱ्यांदा. मी दारातच उभा होतो, माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत. चौथ्यांदा साबण घेतला तेव्हा शेवंतीने उठून तो तिच्या हातातून काढून घेतला. त्या दिवशी नुसता भात आणि बांगड्याची रटरटलेली कढी होती. मंजुळा दोनदा मागून जेवली.

शेवंती तिसऱ्या दिवशी गावी गेली. त्यानंतर मावशी रोज सकाळी मंजुळाच्या कपाळाला हात लावून बघायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ ओढायची. माझंही लेथवर लक्ष नसायचं. पोरगी शिंकली तरी मावशी हातातलं टाकून तिच्याकडे धावायची. तीन महिने गेले, मग चौथाही. मंजुळाच्या अंगावर उलट थोडं मांस चढलं.

एक दिवस मी मावशीकडे माझा दुपारचा डबा घ्यायला गेलो तेव्हा मंजुळा कामावर निघायच्या तयारीत मावशीपुढे कपाळ करून उभी होती. "मावशी, आज ताप बघूचो ऱ्हवलो."

मावशीचे हात पिठात होते. तिने मान वर केली नाही. "कित्याक बघू? बरी तर आसंस. जा, डबो उचल, उशीर जालो."