उतार बघणारे काका

ओल्या जमिनीवर काका पाय उचलतच नसत. दोन्ही पाय जोडून घासत घासत सरकायचे. बोईसरच्या आमच्या कारखान्यातले हे जुने वायरमन, राहायला उमरोळीला. सगळे त्यांना हसायचे. तुम्हीही हसला असतात. मी तिथला स्टोअरकीपर, मी तर नक्कल करून दाखवायचो.

"आकड्याला काय भितंस? उतार बघ," हे त्यांचं पालुपद. तारेवरच्या कावळ्याकडे बोट दाखवायचे. "अकरा हजार व्होल्टवर बसलाय. दोनी पाय एकाच आकड्यावर, म्हणून मजेत हाय. तार जमिनीवर पडली का तिथून लांब जाशील तसा व्होल्ट उतरत जातो. तुझ्या एका ढांगेत जितका उतरला, तितका तुझ्या अंगाला लागला. पाय जोड, मग उतारच नाय."

ट्रान्सफॉर्मरच्या आवारात त्यांनी खडीचा जाड थर घालून घेतला होता, पाय ओल्या मातीला लागू नयेत म्हणून. मोठ्या साहेबांचं यायचं ठरलं, आणि मॅनेजरने ती खडी ऑफिससमोरच्या गुलाबांभोवती टाकायला लावली. हातगाडीत भरून दिली मी.

"गुलाबाला करंट लागतो व्हय रं?" काकांनी विचारलं. मी दात काढले.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी तार तुटून ट्रान्सफॉर्मरच्या आवारातल्या चिखलात पडली. गवत कापणारी बाई जवळच होती. ती पळायला गेली आणि दुसऱ्याच ढांगेला कोसळली. स्विच त्याच आवारात. आम्ही लांबून बोंबलत होतो, "काका, धावा!" काका धावले नाहीत. पाय जोडून, वीतवीत सरकत स्विचपर्यंत गेले आणि लाइन बंद केली. बाई वाचली.

चौकशीत मॅनेजरने लिहिलं, वायरमन घाबरला, त्याने वेळ लावला. खडीचा उल्लेख नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. थू. मॅनेजर उघड हलकट होता, त्याचं काय बोलायचं? किळस येते ती माझी. जेवताना सहीचा हात ताटात दिसला तरी घास फिरतो.

काकांना काढलं. डबा उचलताना म्हणाले, "पळालो असतो तर दोगं पडलो असतो. तुला ठावं व्हतं." पुन्हा ते कधी दिसले नाहीत.

गुलाब माजलेत. आवारात अजून नुसता चिखल. ती बाई गवत कापायला येते. तिथं पोचली की विळा कमरेला खोचते, पाय जोडते आणि घासत घासत सरकते. नवे कामगार हसतात. मी दिसलो की ती तोंड फिरवते.