नाशपातींचा श्वास

पारा हे त्याचं खरं नाव नव्हे, पण घरीदारी सगळे त्याला तेच म्हणत. एका जागी टेकलेला तो कुणी पाहिला नव्हता. जेवता जेवता उठून खिडकी उघडायचा, अंघोळीला गेला तरी दाराला कडी घालायचा नाही.

"अहो, दोन घास तरी बसून खा," बायको वैतागायची. "खुर्चीला काटे आहेत का?"

काटे मनात होते. ज्या शीतगृहात तो यंत्रं सांभाळायचा, तिथेच पूर्वी त्याचा थोरला भाऊ कामाला होता. नाशपातींच्या बंद खोलीत पडलेली टोपी उचलायला दादा क्षणभर आत गेला, आणि बाहेर आला तो चौघांनी उचलूनच. त्या खोल्यांतली हवा फळांना मानवते, माणसाला नाही.

तोडलेलं फळही श्वास घेत असतं. तो मंदावावा म्हणून खोलीतला प्राणवायू कमी करून दार बंद करतात; मग फळ महिनोन्महिने टिकतं. पण कार्बन डायऑक्साइड ते सोडतच राहतं, आणि तो साठला की गर आतून तपकिरी पडतो. तो काढायला बाहेर कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या दोन टाक्या होत्या. दाण्यादाण्यात डोळ्यांना न दिसणारी भोकंच भोकं. खोलीतली हवा एका टाकीतून फिरली की हा वायू त्या भोकांच्या भिंतींना चिकटून बसायचा. तोवर दुसऱ्या टाकीत बाहेरची ताजी हवा फुंकून आधी चिकटलेला वायू हाकलून द्यायचा. मग टाक्यांची अदलाबदल. ती करणाऱ्या झडपांचा खटका ऐकला की पाऱ्याचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा.

त्या हंगामात खटके वेळेवर पडत होते, तरी मोठ्या खोलीच्या मीटरवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढू लागला. पाऱ्याने झडपा पुसल्या, पंखा तपासला, टाकीला कान लावला. काही केल्या आकडा उतरेना.

व्यवस्थापक साहेब आले तेच घाईत. "फळं बिघडलीत का ते तरी बघू. नाकाला फडकं बांध, चटकन आत जा आणि दोन काढून आण."

"नाही."

"अरे, क्षणाचं काम आहे!"

"माझा भाऊ क्षणभरच गेला होता, साहेब." पाऱ्याने दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. साहेब फोनकडे वळले.

यंत्राच्या कंपनीकडून इंजिनियर बाई आल्या. "कोळसा मेला," पारा त्यांना बसूही न देता म्हणाला. "बदलून टाका."

"इतक्या लवकर मरत नाही तो. टाकी उघडू या."

यंत्र थांबवून झाकण काढलं. बाईंनी मूठभर दाणे तळहातावर घेतले. तळवा ओला झाला.

"भोकांत पाणी बसलंय," त्या म्हणाल्या. "वायूला जागाच उरली नाही. हे पाणी आलं कुठून? बाहेर काही बदललंय का?"

"काही नाही." तो एव्हाना दाराकडे निघालाही होता.

"थांबा! हवा आत घेणारा पाइप कुठे आहे? तिथे माझ्याबरोबर नुसते उभे राहा."

नुसतं उभं राहणं! पाऱ्याला ते यंत्र उचलण्याहून जड गेलं. भिंतीमागे पाइपाच्या तोंडाशी तो चुळबुळत उभा राहिला. पलीकडच्या नव्या छपरात क्रेट धुवायला कुणीतरी गरम पाणी सोडलं, आणि त्याच्या गालाला दमट ऊब लागली. वाफ तरंगत आली आणि सरळ पाइपात शिरली. थंड कोळशात जाऊन तिचं पाणी होत होतं.

"रोज इथूनच जातो मी," तो पुटपुटला. "पण धावत."

"मग दिसणार कसं? चला, हा पाइप आधी दुसरीकडे नेऊ."

पाइप इमारतीच्या दुसऱ्या अंगाला नेला, कोळशातून कोरडी, कोमट हवा सोडली. दाणे हळूहळू सुकले आणि आकडा कुरकुरत का होईना, उतरू लागला. पण उशीर झालाच होता. पंखे लावून खोलीत बाहेरची ताजी हवा खेळवली, मीटर धरून हवा तपासली, तेव्हा कुठे पाऱ्याने कुलूप काढलं. मागच्या रांगांतली फळं कापली तर गर तपकिरी. पुढची तेवढी बचावली होती.

बिघडलेला माल रसाच्या कारखान्याकडे निघाला. साहेब पाऱ्याजवळ येऊन जरा घुटमळले. "त्या दिवशी तू ऐकलं नाहीस, बरं केलंस," एवढंच बोलून ते निघून गेले. शेवटचा ट्रक फाटकाबाहेर वळेपर्यंत पारा बघत होता. आता घरी जायला हरकत नव्हती. तो निघालाही, पण शेजारच्या खोलीचा आकडा बघावासा वाटला, म्हणून पुन्हा आत वळला. आकडा ठीक होता. त्याने मीटरच्या काचेवरून बोट फिरवलं आणि तो पुन्हा पाहिला.