टेकलेली वीणा

माझ्या हातून चूक होत नाही, असे मला पन्नाशी उलटेपर्यंत मनापासून वाटत होते. आदिलाबादच्या एका कचेरीत मी दफ्तर सांभाळतो. माझ्या रजिस्टरात खाडाखोड सापडायची नाही, आणि हे मी चहा पिताना रोज कोणाला ना कोणाला ऐकवत असे. घरचे ऐकून मान डोलवत. पण गेले वर्षभर एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. देवासमोर उभा राहिलो की काहीच वाटत नसे. नाम ओठांवर असायचे आणि मन कोरडे ठाक. आपली ही भक्ती आहे की नुसती शिस्त, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते.

जवळच्या गुडीहत्नूर गावी आमच्या देवळात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा रिवाज आहे. एकाने ती गळ्यात घालून उभ्याने नाम घ्यायचे, तास झाला की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. याला पहारा म्हणतात आणि पहाऱ्याची यादी मी लावतो. मागच्या वर्षी गंगारामकाकांच्या पहाऱ्यात वीणा टेकली. काका वांगी-मेथी पिकवतात. त्या दिवशी बाजार करून ते उपाशीपोटीच आले होते. त्यांचे पाय कापले आणि वीणेचा भोपळा फरशीला लागला. त्यांनी तिथेच लोटांगण घातले, नारळ फोडला. तेवढ्याने भागले असते. पण मी संध्याकाळच्या आरतीनंतर माइकवर त्यांचे नाव घेतले आणि पुढच्या वर्षी माणसे पारखून घेऊ, असेही सांगितले. काका मान खाली घालून उठले आणि निघून गेले.

यंदाच्या यादीत मी त्यांना घेतले नाही. तरी ते रोज दुपारी यायचे आणि बाहेर चपलांजवळ, लिंबाच्या सावलीत बसून टाळी वाजवत नाम घ्यायचे. मला ते दिसत होते. मी न पाहिल्यासारखे करत होतो.

सप्ताहात एकादशी आली. मला साखरेचा आजार आहे. सकाळी सवयीने साखर उतरवायची गोळी घेतली आणि उपास धरून दुपारच्या पहाऱ्याला उभा राहिलो. सगळे फराळाला गेले होते. माझा तास संपला, पण पुढच्या माणसाचा पत्ता नव्हता. हाक मारली असती तर कोणीतरी आले असते. पण पहाऱ्यात नामाशिवाय बोलायचे नाही, हा नियम मीच केला होता ना! अंगाला घाम सुटला, हात थरथरू लागले, समोरची मूर्ती पुसट झाली. हायवेवरच्या लॉऱ्यांचा आवाज लांब लांब गेला. मग गुडघे मुडपले आणि भोपळा फरशीवर आपटल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

डोळे उघडले तेव्हा माझे डोके गंगारामकाकांच्या मांडीवर होते आणि जिभेवर गूळ विरघळत होता. वीणा त्यांच्या गळ्यात होती.

"हळू. उठू नका, साहेब. आजूक एक खडा घ्या," ते म्हणाले.

"गूळ कुठून आणला?"

"खिशात असते. मागच्या साली माहे पाय कापले न, तवापासून ठेवतो. चुकलो तवा समजलं, उपाशी माणसानं वीणा घेऊ नये."

मी विचारले, "आधी काय उचललं? वीणा का मला?"

ते हसले. "तुमालेच. वीणा काय रडून राह्यली होती? देव थांबते जी थोडा वेळ." मग हळूच म्हणाले, "कोणी पाह्यलं नाई. मी नाई सांगत कोणाले."

मला रडू आले. ज्या माणसाला मी चारचौघांत उघडे पाडले, तो माझी चूक झाकायला तयार होता. मी त्याला देवळाबाहेर बसवले, आणि तो बाहेर होता म्हणूनच फराळाच्या वेळी माझ्याजवळ कोणीतरी होते. हे कोणी घडवले, यावर मी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडतो.

दुपारभर मनात झुंज चालली. गप्प राहिलो तर माझे नाव जसेच्या तसे राहणार होते. संध्याकाळी आरतीनंतर मी तोच माइक हातात घेतला.  म्हणालो, "आज माझ्या हातून वीणा टेकली. मागच्या वर्षी इथंच मी गंगारामकाकांचं नाव घेतलं, ते चुकलं. आज त्यांनीच मला उचललं."  मग आमचे म्हातारे मृदंगवाले बुवा म्हणाले, "माह्याही हातून टेकली होती एका साली. मी तं सांगतलंही नाई." कोणीतरी हसले, मग सगळेच. त्या हसण्यात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा देवाकडे पाहिले आणि मन भरून आले.

काकांनी त्या एका चुकीतून किती कमावले होते! पाय कापल्याची लाज त्यांनी उगाळत बसून वाया घालवली नाही, तिचा गूळ करून खिशात ठेवला, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असा. मी बिनचूक राहण्यात आयुष्य घालवले आणि माझ्या खिशात कोणाला द्यायला काही नव्हते. देवाच्या हाती स्वतःला सोपवायचे तर आपल्या चुकांसकट सोपवावे लागते, एवढे मला त्यांच्याकडून कळले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी यादीत मी दुपारचा पहारा काकांच्या नावावर लिहिला. त्यांच्यानंतरचा तास माझा होता; आपली तेवढी लायकी नाही असे वाटून ते नाव मी खोडले. यादीतली माझी ती पहिली खाडाखोड. काकांचा पहारा संपल्यावर मी पाया पडायला वाकलो, तर काकांनी दंडाला धरून उठवले. यादी पाहत म्हणाले, "तुमचं नाव काऊन खोडलं?"  त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, मी तो खाईपर्यंत थांबले, मग वीणा आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. आजवर साहेब म्हणणारे काका म्हणाले, "धरा भाऊ. आता तुमाले जमते."