बॉल नवनाथला दे

पलटण नगरला आली तेव्हा मी हवालदार होतो, फुटबॉल टीमचा कॅप्टन होतो आणि माझं घर केडगावला होतं. अठरा वर्षं घरापासून लांब नोकरी केल्यावर घराजवळ पोस्टिंग मिळालं. बायको म्हणाली, आता तरी माणूस घरात दिसेल. कसला दिसतोय! सकाळी साडेपाचला पीटी, सातला परेड, संध्याकाळी चारला ग्राउंड. रविवारी तेवढं घरी जेवायचो.

टीम आमची चांगली नव्हती. खरं तेच सांगतो. आमच्याकडं एकच प्लेअर होता, सिपाही नवनाथ गर्जे, पाथर्डीकडचा. बाकी आम्ही दहा जण त्याला बॉल पोचवणारे हमाल. फुटबॉल टीम बघणारे जेसीओ, सुभेदार घोरपडे साहेब, चुन्यानं जमिनीवर डाव काढून दाखवायचे. दहा बाण काढायचे आणि दहाच्या दहा एकाच ठिकाणी नेऊन टेकवायचे. डाव समजावून सांगायला त्यांना चार शब्द पुरायचे.

"बॉल नवनाथला दे. बास."

खेळाडूंची पलटणीत वेगळीच मजा असते. नवनाथला गार्ड ड्यूटी नाही, फटिग म्हणजे झाडलोट-ओझ्याची कामं नाहीत, लंगरात दूध-अंडी जास्त. बाकीचे जवान चिडवायचे, "जावईबापू आले, पाट मांडा." तो हसायचा. पण या लाडात एक खोट होती आणि ती आम्हाला कुणालाच दिसली नाही. दिसली असेल तर कुणी बोललं नाही. नाईक व्हायचं तर आधी कॅडर म्हणजे बढतीचा कोर्स पास करावा लागतो. दोनदा त्याचं नाव कॅडरला लागलं आणि दोन्ही वेळा टूर्नामेंट आली म्हणून कापलं गेलं. "पुढच्या खेपेला बघू." त्याच्या मागून भरती झालेली पोरं दोन-दोन फिती लावून त्यालाच हुकूम देऊ लागली.

यंदाची खेप शेवटची होती. त्यानंतर तो कॅडरच्या नियमात बसत नव्हता. फीत मिळाली तर नोकरी वाढणार होती. नाही मिळाली तर सिपाही म्हणूनच घरी. त्याचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. त्यांचा कोयता त्याला सोडवायचा होता. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, बुटाची नाडी बांधताना, खाली मान घालून.

कॅडरची मेडिकल सोमवारी सकाळी आठला होती. ब्रिगेडची फायनल त्याच्या आधीच्या शनिवारी, दुपारी चारला.

फायनलमुळं शुक्रवारची प्रॅक्टिस सकाळीच घेतली, ती साडेनऊला संपली. नवनाथ मला स्टोअरच्या मागं घेऊन गेला आणि त्यानं पँट वर केली. उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता.

"उस्ताद, उद्या मला बसवा," तो म्हणाला. "दोन दिस पाय टेकला न्हाई, तर सोमवारी मेडिकलमधनं निघून जातोय मी. उद्या खेळलो तर गेलो."

"सिक रिपोर्ट कर."

"आरएमओ डाक्टरसायब तीन आठवडं रेस्ट लिहितील. मग सोमवार कुठला?"

त्याचं बरोबर होतं. मी त्याला घेऊन तसाच सुभेदार साहेबांकडं गेलो. साहेबांनी गुडघा बघितला, दाबला, तोंडानं च्च केलं.

"पहिला हाफ खेळ," ते म्हणाले. "हाफटाइमला बाहेर काढतो. शब्द देतो तुला. ह्यो कॅप्टन साक्षीला हाय."

नवनाथनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सुभेदाराचा शब्द म्हणजे आमच्याकडं सहीशिक्क्याचा कागद. मी तरी तोपर्यंत तसंच मानत होतो.

शनिवारी चार वाजता शिट्टी झाली. नगरचं ग्राउंड, निव्वळ मुरूम. पडलं की चामडं तिथंच राहतं. समोरच्या टीमनं नवनाथला दोन जण चिकटवले होते, पण तो गुडघ्याला पट्टी बांधून त्या दोघांनाही फिरवत होता. आम्ही एक गोल खाल्ला. हाफटाइमला शून्य-एक. रिझर्व्हचा जवान उठून वॉर्मअप करू लागला.

सुभेदार साहेब सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या, तंबूकडून आले आणि त्या रिझर्व्हच्या जवानाला म्हणाले, "बस खाली."

मी म्हणालो, "साहेब, शब्द दिलाय आपण."

"आधी कप आण. मग शब्द बघू."

एवढंच झालं. मी अडून बसायला हवं होतं. कॅप्टन मी होतो. पण माझी नायब सुभेदारीची शिफारस त्याच माणसाच्या हातात होती. मी पाणी प्यायलो आणि मैदानात गेलो. नवनाथनं गुडघ्याची पट्टी सोडली. परत घट्ट बांधली.

दुसऱ्या हाफला अठरा मिनिटं झाली असतील. बॉल माझ्या पायात आला. डावीकडं आमचा संपत मोकळा उभा होता, हात वर करून ओरडत होता, "उस्ताद! उस्ताद!" मला तो दिसला. तरी मी बॉल उजवीकडं नवनाथला दिला. तीन वर्षांची सवय होती. पाय तेवढंच शिकला होता. नवनाथ वळला, पहिल्याला चुकवलं, दुसऱ्याच्या बाजूनं काढून मारला. गोल! सगळं ग्राउंड उठलं. मी हात वर करून पळालो आणि निम्म्यात थांबलो. तो उठत नव्हता. गुडघा भलतीकडं वळला होता.

त्याला स्ट्रेचरवर नेलं. पुढचा अर्धा तास आम्ही जे खेळलो त्याची मला आजही लाज वाटते. बॉल आला की तो उजवीकडं जायचा, जिथं नवनाथ उभा असायचा तिथं. तिथं कुणी नव्हतं. समोरच्यांनी निवांत उचलून दुसरा गोल केला. कपही गेला.

साडेसहाला सीओ साहेब एमआय रूममध्ये आले. पलटणीचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पडदा. आरएमओ साहेबांनी सांगितलं, सूज आजची नाही, जुनी आहे.

सीओ साहेबांनी विचारलं, "मग हा खेळला कसा?"

सुभेदार घोरपडे सावधान होऊन म्हणाले, "साहेब, त्यानं लपवलं. मला कळलं असतं तर उतरवलाच नसता."

मी शेजारी उभा होतो. माझ्या कानाला खरं वाटेना. ज्या माणसासाठी मी गोळीपुढं उभा राहिलो असतो, तो माझ्यादेखत एवढं धडधडीत खोटं बोलत होता.

सीओ साहेब माझ्याकडं वळले. "कॅप्टन, तुला माहीत होतं?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

नवनाथ लो मेडिकल कॅटेगरीत गेला. आजार लपवला असा शेरा पडला, त्यामुळं कॅडरची आणखी एक संधी मागणारा सवलतीचा अर्जही पुढं सरकला नाही. सोमवारी आठला कॅडरची मेडिकल त्याच्याशिवाय झाली. पुढं तो स्टोअरमध्ये बूट मोजत बसायचा आणि सिपाही म्हणूनच घरी गेला. मी नायब सुभेदार झालो.

त्या टीममधले दोघं नंतर वर काश्मीरमध्ये कामी आले. नाईक संपत आणि आमचा गोलकीपर, सिपाही रघुनाथ. पलटणीच्या शहीद दिनाला त्यांची नावं पुकारतात. यंदा आम्हा पेन्शनर लोकांना नगरलाच बोलावलं होतं. दोघांना फूल वाहिलं, सलाम केला. नवनाथ आला नव्हता. तो कधीच येत नाही. मी तिथूनच एसटी धरली आणि पाथर्डीला उतरलो.

जीपच्या स्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान आहे. पाय लांब करून स्टुलावर बसला होता. मला ओळखलं, उठला नाही.

"या, साहेब," म्हणाला. उस्ताद म्हणाला नाही.

चहा सांगितला. आई-बापाचं विचारलं. "बाप गेला. कोयत्यावरच गेला. म्हातारी हाय," तो म्हणाला.

मी कसंबसं म्हणालो, "नवनाथ, त्या दिवशी सुभेदारानं आपल्याला दगा दिला."

"सुभेदारानं दिला, व्हय." त्यानं हात फडक्याला पुसले. "पर साहेब, मी पडद्याच्या पल्याडच हुतो. शुद्धीत हुतो. सुभेदार बोलला तवा मला काय न्हाई वाटलं. म्हनलं, आपले उस्ताद हायत उभे. ते सांगतील."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणालो, "माफ कर, बाबा."

"चहा घ्या. गार हुतोय," तो म्हणाला. "माफी तेवढी मागू नका. मी देनार न्हाई."

मी चहा घेतला आणि परत आलो. तो बरोबर बोलला. संपतसाठी, रघुनाथसाठी पलटण दरवर्षी उभी राहते. नवनाथसाठी एकाच माणसानं, एकदाच बोलायचं होतं. ते आज इथं लिहितो.

होय साहेब, मला माहीत होतं. शुक्रवारी सकाळी साडेनऊला, स्टोअरच्या मागं, सिपाही नवनाथ गर्जे यानं मला स्वतः गुडघा दाखवला होता.