उभ्या गाडीतले रविवार

शैला गेल्याचं मला शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. बोरिवलीहून तिच्या शेजाऱ्यांचा फोन होता. "बाई, तुमच्या शैलाताई... गेल्या हो. झोपेतच." परीक्षा चालू होती. मी रिसीव्हर ठेवला आणि वर्गात येऊन खुर्चीवर बसले. पेपर लिहिणाऱ्या मुलींच्या माना खाली होत्या, तेच बरं झालं. तिच्या नवऱ्याला, वसंतभाऊजींना, मस्कतहून यायला वेळ लागला. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मुलुंडला यायच्या आधी मी बोरिवलीला राहायचे. तिथे आमची दारं समोरासमोर होती. मी एकटी, लग्न न केलेली. ती लग्न होऊनही एकटी. मूलबाळ नाही, आणि भाऊजी दीड-दोन वर्षांनी सुट्टीवर येणार. आखातात जाण्याआधी त्यांनी हौसेनं एक जुनी गाडी घेतली होती. ती बदामाच्या झाडाखाली उभी असायची. जाताना बायकोला सांगून गेले, "आठवड्यातून एकदा चालू करून ठेव, नाहीतर बॅटरी उतरेल. हलवू मात्र नको हां." झालं! दर रविवारी सकाळी शैला वेणीफणी करून, चांगली साडी नेसून खाली उतरायची, स्टिअरिंगपुढे बसायची आणि गाडी चालू करायची. गाडी जागच्या जागी थरथरत राहायची आणि ही समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत बसलेली. गॅलरीतून बघून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग एकदा तिनंच खालून हाक मारली, "मंगल, ये ना गं. एकटीला कसंतरी वाटतं." तेव्हापासून शेजारची सीट माझी झाली. मालवणला राहिलेली आई, न झालेलं मूल, भाऊजींच्या पत्रांमधले तेच ते चार विषय... घरात कधी न बोललेलं ती तिथं बोलायची. "घरात बोलायला लागलं की रडू येतं," म्हणायची. "हय नाय येत."

अशाच एका रविवारी बोलता बोलता ती थांबली. "काटा बघ गं." टेंपरेचरचा काटा वर चढत होता. तिनं इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं आणि पाणी भरलं. पुढच्या रविवारी पाणी काठोकाठ असूनही काटा पुन्हा चढला. तिनं नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून सगळं समजून घेतलं. रेडिएटरचं झाकण काढल्यावर आतलं पाणी चहासारखं लाल दिसलं. "गाडी फिरत नाही ना भाभी, आत गंज साचतो," तो म्हणाला. नंतर हे काम ती स्वतःच करू लागली. आधी रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून बघायची, मग खालच्याला. वरचा चटका देतोय आणि खालचा कोमट, म्हणजे पाणी आत नीट फिरत नाही, धुवायची वेळ झाली. मग गाडी पूर्ण गार झाली की खालची तोटी सोडायची, सोसायटीच्या नळाला पाइप जोडायचा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धार सोडून ठेवायची. पदर खोचून ती ओणवी उभी राहिली की गॅलऱ्या भरायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. पुढे ती गाडी चालवायलाही शिकली, पण फाटकाबाहेर फारशी गेली नाही. "जायचं कुणाकडे?" एवढंच म्हणाली.

भाऊजी मे महिन्यात सुट्टीवर आले. वाकोल्याला त्यांच्या भाच्याचा साखरपुडा होता. मलाही चला म्हणाले. निघण्याआधी शैलानं गाडी थोडा वेळ चालू ठेवून पाइपांना हात लावला. "अहो, आज नको. रेडिएटर धुवायला झालाय. टॅक्सीनं जाऊ." भाऊजी हसले. "मी आलोय ना आता? तू मागे बस, आराम कर." त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. इतक्या दिवसांनी बायकोला गाडीतून मिरवत न्यायचं होतं, एवढंच. जोगेश्वरीला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि शैला मागून मान उंच करून काट्याकडे बघायला लागली. "अहो, थांबवा." थोड्या वेळानं पुन्हा, "थांबवा हो, इंजिनाची वाट लागेल." बॉनेटमधून वाफ आली तेव्हा ते थांबले. उतरले, फडकं घेतलं आणि थेट झाकणाला हात घातला. "गरम आहे, उघडू नका!" असं ओरडत ती धावली आणि दोन्ही हातांनी तिनं त्यांना बाजूला ढकललं. झाकण तोवर सैल झालं होतं. उकळतं पाणी उसळलं ते तिच्या उजव्या हातावर, पार कोपरापर्यंत. ती रस्त्यावरच मटकन बसली आणि विचारलं काय, तर "तुम्हाला लागलं नाही ना?"

सुट्टी संपेपर्यंत तिच्या हाताला मलम लावायचं काम भाऊजींनी कुणाला करू दिलं नाही. भात कालवून भरवायचे. आणि परत जायच्या आधी त्यांनी गाडी विकून टाकली. "तिच्यापायी तुझा हात गेला असता. नकोच ती ब्याद घरात."

"गाडी तुला हवी होती, हे त्यांना सांगितलं का नाहीस?" मी शैलाला विचारलं.

"काय सांगू? माझ्या काळजीनंच विकली ना गं..." ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आता रविवारी काय करायचं, तेवढं सुचत नाही."

मी म्हटलं, माझ्याकडे येत जा. आलीही एक-दोनदा. पण चहाचा कप घेऊन समोरासमोर बसलो की ती मुकी व्हायची. माझ्या शाळेबद्दल विचारायची आणि उठायची. मग तिचं दार रविवारी बंदच राहायला लागलं. मी मुलुंडला आल्यावर भेटी सणावारी, त्याही उभ्या उभ्या.

मागच्या आठवड्यात भाऊजींना भेटायला गेले. घरात एकटेच होते. "बसा, चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. बराच वेळ डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. मी आत डोकावले. स्वतःच्याच स्वयंपाकघरात ते पाहुण्यासारखे उभे होते. ओट्यावर रवा, पोहे, तूरडाळ सगळे डबे उघडे पडलेले. "साखर कुठे ठेवायची हो ती?" त्यांनी विचारलं. मी फळीवरची बरणी काढून दिली. त्यांनी ती हातात धरली आणि तसेच स्टुलावर बसले. "मंगलताई, इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकत्र राहिलो ते सगळं मिळून वर्षभरही भरायचं नाही. तुम्ही तिला रोज बघत होतात. ती कशी होती, सांगा ना मला..."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. पहिल्या दिवशी ती विरजण मागायला माझ्या दारात आली होती, तिथून सुरुवात केली. मी थांबले की ते म्हणायचे, "अजून?"