वाराची गोळी

ठाण्याला निघायच्या दिवशी अप्पांनी मेडिकलचं शटर भरदुपारी अर्धं ओढलं. एरवी घरच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या की दुकान उघडायला पळणारा माणूस. शटरखालून वाकून एकजण खोकल्याचं औषध मागत होता. त्याला बाटली देऊन अप्पा म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. कळलं का?" तो "हौ" म्हणाला आणि गेला. मग ते माझ्याकडं वळले. "आपलं घरचं मेडिकल, अन् पोरगी औषधं शिकायला ठाण्याला चालली. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

आई बॅगेत येसराची, आमटीच्या मसाल्याची, पुडी कोंबत होती. तिला वेगळीच काळजी. "तिकडं नीट बोलत जा. करलालाव, जालालाव करू नको, हसतेत लोक."

उदगीरात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि पुण्याला, हैदराबादला, त्याच्याही पलीकडं निघून गेलेल्यांनो, मी ठाण्याला काय करते हे तुम्ही सगळ्यांनी मला विचारलंय. अप्पांनी तर बसची वाट बघताना शेवटपर्यंत विचारलं. मी फार्म-डीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि ते वर्ष रेसिडेन्सीचं, म्हणजे पेशंटमध्ये राहून शिकायचं. "औषध विकायचं नाही, लिहून द्यायचं नाही, मग करायचं काय?" "समजावून सांगायचं." "एवढंच? त्याला वर्ष लागतंय?" मी तेव्हा चिडले होते, कारण उत्तर माझ्याकडंही नव्हतं.

सकाळी ठाण्यात खोपटच्या डेपोत उतरले आणि माझी मान जी वर गेली ती काही दिवस खाली आलीच नाही. कल्याणच्या एका ट्रस्टची आरोग्य केंद्रं होती, जिथं डॉक्टरला दाखवणं परवडत नाही अशा वस्त्यांमधली. एक शीळफाट्याच्या बाजूला, एक कोलशेतला. मी डोंबिवलीत दोन मुलींबरोबर खोली घेतली आणि केंद्राच्या गाडीतून या वस्त्यांना जायला लागले. कोलशेतला टॉवर असे की ढगाला विचारून बांधलेत वाटावं, आणि त्यांच्या पायथ्याशी कोळ्यांची घरं, भिंतीला टांगलेली जाळी, पलीकडं खाडी. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर आला की घागरी घेऊन धावायचं. इथं भरतीचं पाणी कुणी न बोलावता दिवसातून दोनदा येतं आणि आपलं आपण परत जातं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खरंच तोंडात बोट घालून उभी राहिले. खारं असलं म्हणून काय झालं, पाणीच ते.

केंद्राची अट एकच होती. प्रत्येक पेशंटला त्याच्या भाषेत औषध समजावता आलं पाहिजे, मराठी असो की हिंदी. मराठीची मला फिकीर नव्हती. भीती होती हिंदीची, कारण माझी हिंदी उदगीरच्या बाजारातली. शीळफाट्याला एका चाचांना मी "गोली चबाओ नक्को, हौ?" म्हटलं, तर ते इतके हसले की त्यांचं ब्लडप्रेशर परत मोजावं लागलं. पण त्यांनी गोळी चावली नाही. हिंदीत मी घाबरून बोलायचे, म्हणून एकेक शब्द तपासून घ्यायचे.

आम्हाला शिकवायच्या त्या नायर मॅडम. मूळच्या केरळच्या, पण डोंबिवलीत वाढलेल्या, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांचा एक नियम होता: 'कळलं का' असं पेशंटला कधीच विचारायचं नाही. "अगं शुभांगी, कुणीही हो म्हणतं त्याला. डॉक्टरसमोर नाही कोण म्हणणार? विचारायचं, घरी जाऊन काय सांगाल? मग तो त्याच्या शब्दांत सांगतो आणि आपल्याला कळतं, आपण काय बोललो ते." मला अप्पा आठवले, त्यांचं ते कळलं का आणि गिऱ्हाइकाचं हौ. एवढी साधी गोष्ट आमच्या दुकानात वर्षानुवर्षं कुणाला सुचली नव्हती, याचं मला नवल वाटलं.

चांगुणाबाई भेटल्या त्या कोलशेतच्या केंद्रात. पन्नाशी ओलांडलेल्या, कोळीण, आयुष्यभर मासळी विकलेली. संधिवातानं बोटं अशी वाकडी झालेली की कोलंबी सोलता येत नव्हती. "हात नाय तर मी काय कामाची गो?" हे वाक्य त्यांनी मासळीचा भाव सांगावा इतक्या शांतपणे म्हटलं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना एक गोळी लिहून दिली होती. गोळी इवलीशी, पण तिचा कायदा कडक. आठवड्यातून एकदाच घ्यायची. तशी घेतली तर सांधे सोडवते. रोज घेतली, किंवा मधेमधे घेतली, तर अंगातलं रक्त तयार होणंच थांबवते. माणूस जातो.

हे मला तोंडपाठ होतं. समोर मराठी बाई, बोलणारी मराठी मुलगी, शेजारी मॅडम. मी निर्धास्त होते. म्हणाले, "मावशी, ही गोळी रोज नाही हं. वार ठरवून घ्यायची. वारालाच घ्यायची, वार चुकवायचा नाही, आणि वार सोडून दुसऱ्या दिवशी तिला हात लावायचा नाही."

"वार काय, ठरलेलंच हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "लग्नापासून पालतंय मी."

"घरी सुनेला काय सांगाल?"

"वारालाच गोली. बाकीच्या दिवसाला हात नाय लावायचा."

"पहिली कधी घेणार?"

"येत्या सोमवारला."

याहून बरोबर उत्तर असूच शकत नाही. माझेच शब्द माझ्याकडं परत आले होते. मॅडमनी मान डोलावली. पाकिटावर 'आठवड्यातून एकदा' असं लिहिलेलं होतं, पण मावशींना वाचता येत नव्हतं आणि सून प्रमिला उजाडायच्या आत बाजाराला जायची. पाकीट डब्यात गेलं, वार मावशींच्या तोंडात राहिला.

काही आठवड्यांनी त्या केंद्रात आल्या आणि माझ्यासमोर मूठ मिटून दाखवली. पूर्ण नाही, पण मिटली. मूठ मिटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एवढ्याशा गोळीनं माणसाला त्याचा हात परत द्यावा. मी त्या बोटांकडं बघतच राहिले. खूश होऊन त्या म्हणाल्या, "घरा जेवायला ये गो." मी संकोचले. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं. "तू म्हावरं खात नाय ना? मग वाराला ये. गुरवारी ये."

मला वाटलं, गुरुवार हा एक वार, त्या वाराला ये म्हणतायत. गेले.

घर खाडीच्या अंगाला. प्रमिलानं दार उघडलं ती काळजीत. सासूचं तोंड आलं होतं, दोन दिवस पेजेशिवाय काही गिळवत नव्हतं. आत मावशी बसलेल्या, ओठ सोललेले, अंगात कणकण. तरी माझं ताट तयार. वरण, भात, वालाची उसळ. "आज वार हाय ना, म्हावरं नाय घरान, तू आरामात जेव," त्या कष्टानं म्हणाल्या, आणि बोलता बोलता डबा पुढं ओढून त्यातली ती इवलीशी गोळी तळहातावर घेतली.

मी त्यांचा हात धरला. "मावशी, आज गुरुवार आहे. तुमचा वार सोमवार ना?"

"सोमवार हाय," त्या म्हणाल्या. "गुरवार हाय. शनवार हाय. वार ते वारच."

आमच्याकडं वार म्हणजे सोमवार ते रविवार, कुठलाही. त्यांच्या घरात वार म्हणजे ज्या दिवशी म्हावरं, म्हणजे मासळी, शिवायचं नाही तो उपासाचा दिवस, आणि असे दिवस आठवड्यात तीन. मला आठवड्याला एक म्हणायचं होतं, त्यांनी तीन ऐकलं होतं, आणि आम्ही दोघी एकच शब्द बोललो होतो.

मॅडमना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "गोळी काढून घे. गाडी पाठवते, थेट मोठ्या हॉस्पिटलला." रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खाली, प्लेटलेट्स खाली, ताप वर. त्या औषधावर उतारा असतो, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. पण उतारा दिला म्हणजे रक्त लगेच परत येत नाही, वाट बघावी लागते. मावशी त्यात जाऊही शकल्या असत्या. मला जेवण जाईना. वाटायचं, ही बाई गेली तर मी तोंड लपवून उदगीरला परतेन आणि खोकल्याची औषधं विकत बसेन. मॅडम माझ्याशेजारी बाकावर बसून म्हणाल्या, "तिनं बरोबर सांगितलं, आपण बरोबर ऐकलं. मी पण तिथंच होते गं."

त्या बाकावर बसून मला एका गोष्टीचा राहून राहून अचंबा वाटत होता. आमच्या पुस्तकांत, पेशंट औषध चुकवतात यावर धडेच्या धडे आहेत. मावशींनी एकही चुकवली नव्हती. तोंड सोललं, घास जाईना, तरी वार आला की गोळी. देवाला दिलेला शब्द आणि मला दिलेला शब्द त्यांनी एकाच कप्प्यात ठेवला होता. कालपरवा आलेल्या, धड त्यांच्यासारखं बोलतासुद्धा न येणाऱ्या मुलीवर कुणी इतका भरवसा टाकतं? मला तो भरवसा पेलवेना. मी वॉर्डाच्या दाराबाहेर उभी राहून रडले.

रोज सकाळी रिपोर्ट यायचा आणि रोज तसाच असायचा. मग एका सकाळी पेशी जराशा वर सरकल्या. दुसऱ्या दिवशी आणखी. हाडाच्या आत, कुणाला न दिसता, बाईचं रक्त नव्यानं तयार होत होतं. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण समोर घडताना बघितलं आणि तो कागद परत परत वाचत राहिले. तोंड बरं झाल्यावर मावशींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "माझ्या हातून वार मोडला का गो?"

"नाही मावशी. तुमचा वार मलाच ठाऊक नव्हता."

मग म्हणाल्या, "तुमचेकडं सातही दिवस वार? मग म्हावरं खातात कवा?" प्रमिला पोट धरून हसली, आणि किती दिवसांनी मी पण.

ती गोळी बंद झाली. डॉक्टर पुढं दुसरी सुरू करणार होते. आता केंद्रात आम्ही नुसतं 'वार' म्हणत नाही, वाराचं नाव घेतो, आणि शेवटी विचारतो, कोणकोणत्या दिवशी घ्यायची नाही? मावशी मात्र माझ्याकडूनच वदवून घेतात. काही सांगितलं की म्हणतात, "आता तू बोल, मी काय बोलली?" आणि मी त्यांच्या बोलीत सांगेपर्यंत सोडत नाहीत.

हे सगळं चाललेलं मी घरी कळवलं नव्हतं, उगाच जिवाला घोर नको म्हणून. मावशींना हॉस्पिटलमधून सोडलं त्या सकाळी आनंदाच्या भरात आईला फोन लावला. मागं गाडीचा हॉर्न, प्रमिलाची गडबड. "आई, सुट्टी मिळाली. घरी निघाले. नंतर बोलते."

दिवेलागणीला तिचा फोन आला. मी कोलशेतला मावशींच्या घरात होते, त्या पेज पीत होत्या. "कुठपर्यंत आलीस? सोलापूर ओलांडलं का? अप्पा विचारलालेत. तुझ्यासाठी चकोल्याचं वरण टाकलंय."

मला सगळं एका क्षणात उलगडलं. हॉस्पिटलनं मावशींना दिलेली सुट्टी तिला माझी सुट्टी वाटली होती. आणि घर, तिच्याकडं ते एकच आहे. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मध्ये थांबत थांबत.

"ती बाई बरी हाय ना?"

"बरी आहे."

"तू जेवलीस?"

"प्रमिला वाढतेय."

"मग घरीच हायस की," आई म्हणाली. "जेव."

घर म्हणजे जिथं आपली भाषा कळते, असं मी निघताना समजत होते. आता तसं म्हणवत नाही. माझी भाषा कोलशेतला कळली नाही, तरी तिथं माझ्यासाठी ताट मांडलेलं होतं. आणि उदगीरला ती शब्दन् शब्द कळते, तरी मी एका शब्दानं आईला तिथं आशेला लावून बसवलं. म्हणून गेलेल्यांनो, तुम्हाला एक सांगते. फोनवर 'घरी निघालो' म्हणाल तेव्हा आधी गावाचं नाव घ्या. मागं राहिलेली माणसं दुसरं काही विचारत नाहीत, लगेच चुलीवर आधण ठेवतात.