पलंगाखालचं कापड

दप्तरं शिवणारी वहिनी तशी घाबरट नव्हे. शिवणकामाच्या खोलीत तिचा आवाज मशीनच्या घरघरीवर चढायचा. पण बँकेचा माणूस माल पाहायला येणार म्हटल्यावर ती कुजबुजत बोलायला लागली.

शाळा उघडायच्या आधी मोठी मागणी आली होती. बँक खोलीतल्या कापडाच्या तारणावर उचल द्यायची, पण जास्त मागितलं की "कागद वर पाठवलेत" एवढंच ऐकू यायचं. शेवटी तिनं फोनवरच्या एका ॲपमधून कर्ज घेतलं. तिथे बँक नव्हतीच. कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त ड्रायव्हर, अशा अनोळखी माणसांनी आपापल्या बचतीतून थोडे थोडे घालून तिची रक्कम भरली. व्याज चढं होतं. तरी एवढ्या परक्यांनी भरवसा टाकला, म्हणून ती त्या दिवशी पदरात तोंड खुपसून रडली होती.

आता वाटायला लागलं, बँकेला कळलं तर उचल बंद. शिवाय त्या पैशांतून आणलेलं कापड त्या लोकांचं. बँकेला आपलं म्हणून दाखवायचं म्हणजे शुद्ध फसवणूक! तिनं ते सगळे तागे वरच्या मजल्यावर, जावेच्या पलंगाखाली सरकवले.

"वहिनी, पलंग छताला टेकलाय," जाऊ म्हणाली. "उतरायला शिडी द्या."

"हळू बोल गं बाई!"

बँकेचे साहेब आले. तरुण, नम्र. जवळजवळ रिकाम्या फळ्यांपुढे उभे राहिले आणि त्यांचाच चेहरा उतरला.

"ताई, माल कुठाय?"

"हा काय... आहे की."

"एवढाच? उचल मालावर ठरते. एवढ्यावर ती निम्मी करावी लागेल."

एकेक मशीन थांबलं. शिवणाऱ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. निम्म्या उचलीत यांच्यातल्या कुणाला घरी पाठवायचं?

"आणि तुमचं फोनवरचं कर्ज आम्हाला नोंदीत दिसतं बरं का. कर्जाची भीती नाही, ताई. पैसे आले आणि कापड नाही, याची आहे. कुठे उडवलेत?"

उडवलेत! जिन्याकडे वळून ती ओरडली, "अगं, आण खाली सगळं!"

"सगळं? पलंगासकट?"

तागे आले. साहेबांनी ते हात लावून पाहिले.

"पण हे त्या लोकांचं ना?" तिनं चाचरत विचारलं.

"त्यांनी तारण कुठे घेतलंय? कापड तुमचंच. देणी मात्र दोन आणि धंदा एक." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "आहे ती उचल राहू द्या असं मी लिहितो. वाढवा म्हणणार होतो, ते आता नाही जमणार."

"आणि तुमचे वरचे साहेब नाहीच म्हणाले तर?"

"कळवतो," म्हणून ते गेले.

जाऊ केसातली धूळ झटकत म्हणाली, "सुटलो ना?"

"कुणाला ठाऊक."

वहिनी मशीनवर बसली. दोरा काही केल्या सुईत जाईना. शेजारच्या बाईनं तो तिच्या हातातून घेतला, ओवून दिला, आणि पहिलं मशीन सुरू झालं.